धर्मशोधालाही जात असते

आपल्या वस्तीतला एखादा तरुण आज कुठल्या महाराजाच्या सत्संगाला, उद्या विपश्यनेच्या शिबिराला आणि परवा चर्चमधल्या प्रार्थनेला जाताना दिसला, की कार्यकर्ते त्याच्यावर तुटून पडतात. बाबासाहेबांनी धम्म दिला, आता तुला आणखी कसला शोध हवा, असे त्याला विचारले जाते. राग समजण्यासारखा आहे. पण रागावण्यापूर्वी धर्म शोधणे म्हणजे काय असते हे पाहायचे असेल, तर आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे आयुष्य डोळ्यांसमोर ठेवावे. चळवळीत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. ग्रंथ मात्र फारसे उघडले जात नाहीत.

गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली, गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा फारशी झाली नाही, लग्न लहान वयात झाले. आधी तुकोबांच्या अभंगांनी त्यांना ओढले. पुढे 'बालबोध' मासिकातले बुद्धचरित्र वाचनात आले आणि बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचाच, असा ध्यास लागला. १८९९ च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले. (त्या पत्नीच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब आपल्याकडे कोणी मांडत नाही.) पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकर आणि प्रार्थना समाजाचा सहवास मिळाला. तिथून ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. १९०२ मध्ये नेपाळात पोहोचले, तर तिथल्या बौद्धांची अवस्था आणि पशुबळी पाहून निराश झाले. शेवटी बोधगया, कलकत्ता असे करीत श्रीलंकेतील विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे श्रामणेर झाले, पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

हा प्रवास थोर आहेच. पण तो वाचताना आपल्या मनात एक प्रश्न उठल्याशिवाय राहत नाही. काशीच्या अन्नछत्राच्या पंगतीत त्या काळी महाराच्या मुलाला कोणी बसू दिले असते काय? कोणता शास्त्री त्याला व्याकरण शिकवणार होता? बाबासाहेबांना तर मुंबईतल्या शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. फकिरी पत्करायलाही ज्या देशात वरची जात लागते, तिथे 'आध्यात्मिक शोध' हा शब्द जरा जपूनच वापरावा!

तरी कोसंबींचे मोठेपण हे, की मिळालेली विद्या त्यांनी जातीच्या पेटीत कुलूपबंद केली नाही. कलकत्त्याची चांगल्या पगाराची नोकरी सोडून सयाजीराव महाराजांच्या महिना ५० रुपयांवर महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिणे त्यांनी पत्करले. १९३७ मध्ये परळच्या कामगार वस्तीत विहार उभारला, त्याचे नाव ठेवले 'बहुजन विहार'. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही गोड गोष्ट त्यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात तपासून बाजूला ठेवली. 'बोधिसत्त्व' नाटकात तर शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा गृहत्यागाच्या मुळाशी आणला. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये गृहत्यागाचे कारण तेच पाणी आहे. चवदार तळ्याच्या माणसाला पाण्याचा तंटा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अखेरच्या काळात मात्र कोसंबी पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माकडे वळले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला उपोषण करून त्यांनी देह ठेवला. तथागतांनी आत्मक्लेशाचा मार्ग सोडला होता, त्यामुळे त्यांचा हा शेवट आम्हाला पटत नाही. पण तो त्यांच्या एकट्याचा निर्णय होता. एकट्याच्या शोधाला ती मोकळीक असते.

बाबासाहेबांना ती नव्हती. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा यांत २१ वर्षे गेली. कबीरपंथी घरात वाढलेल्या या माणसाने शीख, ख्रिस्ती, इस्लाम असे सगळे धर्म तपासले. स्वतःच्या मनाला काय शांत करते एवढ्यावर त्यांचे भागणार नव्हते. लाखो माणसे सोबत येणार, त्यांच्या पोराबाळांचे काय होणार, हे पाहायचे होते.

त्या तरुणाला हाकलू नये. जवळ बसवून विचारावे, की बाबा रे, तू जातोस तिथे आडनाव विचारतात का? पंगतीत कुठे बसवतात? तिथली एखादी मुलगी तुझ्या घरात सून म्हणून येईल का? त्याची उत्तरे ऐकून घ्यावीत, आणि विहाराच्या कपाटात कोसंबींचे 'निवेदन' असेल तर ते त्याला वाचायला द्यावे. नसेल तर आधी ते आणावे.