पऱ्हाटीचें बोंड आणि पितळी लोटी

जलरंगाची विद्या शिकावयाची तर मुंबईपुण्याकडे गेलें पाहिजे, निदान कोंकणासारखा रम्य प्रदेश तरी डोळ्यांपुढें हवा, अशी वऱ्हाडांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांची समजूत आढळते. अमरावती-अकोल्याकडील काळी, सपाट जमीन आणि वैशाखांतील रखरखीत ऊन यांत चितारण्यासारखें काय आहे, असें ते विचारतात. त्याचें उत्तर आपल्याच शेतांत आणि स्वयंपाकघरांत आहे.

दिवाळीच्या सुमारास फुटलेल्या बोंडांची पऱ्हाटीची एक डहाळी आणून खिडकीशीं ठेवावी. कापूस पांढरा आणि कागदही पांढरा! नवशिका लागलीच पांढऱ्या रंगाची नळी शोधूं लागतो. परंतु शुद्ध जलरंगांत पांढरेपणा लावावयाचा नसतो, राखावयाचा असतो. कागद जेथें कोरा राहिला तेथेंच उजेड राहिला. एकदां त्यावर रंग चढला कीं तो उजेड पूर्ववत् मिळणें कठीण. म्हणून निळ्या रंगांत किंचित् तपकिरी मिसळून, भरपूर पाणी घालून, कापसाच्या केवळ सावल्या घालाव्या. मग वाळलेल्या सालीचा गडद रंग कडेनें द्यावा. कापूस आपोआप उमलून येतो.

दुसरा धडा पितळी लोटीचा. पितळ पिवळें, हें आपण ऐकून जाणतों. नीट पाहिल्यास लोटींत खिडकीची पांढरी चौकट, अंगणांतील तुळशीची हिरवट छटा आणि बुडाशीं जवळजवळ काळा पट्टा दिसतो. तिसरा धडा वरूड-मोर्शीकडील संत्र्याचा. त्यावर प्रथम पातळ पिवळा हात द्यावा व तो ओला असतांनाच सावलीच्या बाजूस शेंदरी रंग सोडावा. उन्हाळ्यांत आपल्याकडे रंग कागदावर उतरतांच वाळतो व डाग पडतात. तेव्हां सकाळची वेळ साधावी आणि कागद मागूनही भिजवून घ्यावा.

घरगुती विषय क्षुद्र मानूं नये. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर (१८८२-१९६८) यांनीं १९४५-४६ च्या सुमारास हातीं दिवा घेतलेल्या आपल्या कन्येचें चित्र जलरंगांतच काढलें. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील हें चित्र पुष्कळांना राजा रविवर्म्याचें वाटत आलें आहे. त्याचा विषय तो केवढा? एक मुलगी, एक दिवा आणि बोटांवर पडलेला उजेड!

आपलीं मुलें एलिमेंटरी व इंटरमीजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांस बसतात. इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीस वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही उत्साहानें रंग आणून देतात. गुण पदरांत पडले कीं रंगपेटी फळीवर जाते, आणि पाहण्याची नुकतीच लागलेली संवय तिच्याबरोबर सुकते. हें नुकसान गुणपत्रिकेंत दिसत नाहीं. तें टाळणें घरच्या वडील माणसांच्या हातीं आहे. रविवारीं तासभर मुलाशेजारीं आपणही कागद घेऊन बसावें. आणि चित्र कसें झालें असें न विचारतां, लोटींत काय काय दिसलें, एवढेंच विचारावें.