अनोळखी माणसांची टीम कशी चालवायची? ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांकडून शिका



घरात कुणी बीजीएमआय खेळत असेल तर "ठेव तो मोबाईल" म्हणण्याआधी पाच मिनिटं शेजारी बसून ऐका. स्क्वॉड चार जणांचा असतो. मित्र ऑनलाइन नसतील तर गेम अनोळखी खेळाडू आणून जोडतो. एक हिंदीत बोलतोय, एक मल्याळममध्ये, तिसऱ्याचा माईकच बंद. आणि थोड्या वेळात सगळ्यांना एकत्र विमानातून उडी मारायची आहे!

नवीन धंद्यात तुमची अवस्था वेगळी नसते. पॅकिंगला आलेली ताई, डिलिव्हरीवाला, फोनवरच भेटलेला सप्लायर, सगळे अनोळखी. माल चांगला असूनही लोक टिकत नाहीत म्हणून धंदा अडकतो.

आता नीट ऐका, गेममध्ये दोन प्रकारची वाक्यं येतात. एक, "काय खेळतोयस तू, नूब!" दुसरं, "डावीकडच्या घरात दोघं आहेत, माझ्याकडे बँडेज नाही." पहिलं वाक्य म्हणजे निकाल, दुसरं म्हणजे माहिती. निकाल ऐकून कुणाचा खेळ सुधारत नाही, तो चिडतो किंवा सोडून जातो. माहिती मिळाली तर पुढच्या सेकंदाला काय करायचं ते कळतं.

2019 मध्ये आलेल्या एपेक्स लेजेंड्स या गेमने हे फार छान सोडवलं. टीम तिघांची. एक बटण दाबलं की शत्रू कुठे, गोळ्या कुठे पडल्यात, मी कुठे निघालोय हे साथीदारांना दिसतं आणि ऐकूही येतं. माईक लागत नाही, भाषा आड येत नाही. (त्या बटणावर शिवी द्यायची सोय नाही, हेही बरंच आहे.)

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट फायनल फँटसी फोर्टीन या गेममधली. तिथे चार अनोळखी जण एकत्र येतात: एक पुढे राहून मार झेलणारा, एक बाकीच्यांना बरं करणारा, दोघं हल्ला करणारे. त्यातला कुणी ती मोहीम पहिल्यांदाच खेळत असेल तर सुरुवातीलाच सगळ्यांना मेसेज येतो की टीममध्ये नवीन माणूस आहे, आणि मोहीम पूर्ण केली तर जास्तीचं बक्षीस मिळेल. नाव सांगत नाहीत. म्हणजे नवख्याची लाज राखली आणि जुन्यांना संयमाचे पैसे दिले!

तुम्ही काय करता? नवीन हेल्पर येतो, जुन्यांना कुणी काही सांगत नाही, आणि तिसऱ्या दिवशी सगळे त्याच्यावर ओरडतात. त्याऐवजी आदल्या दिवशीच सांगा, "उद्यापासून नवीन माणूस आहे, आठवडाभर स्पीड कमी राहील." जो शिकवेल त्याला महिनाअखेर पाचशे रुपये वेगळे द्या. ओव्हरटाइमचे देता ना? मग शिकवण्याचे का नाही?

आणखी एक. लीग ऑफ लेजेंड्समध्ये दोन्ही टीम एकमेकांशी चॅट करायच्या आणि भांडणं व्हायची. कंपनीने ते चॅट काढून टाकलं नाही, फक्त आधीपासून बंद ठेवलं. हवं त्याने स्वतः चालू करायचं. कंपनीनेच दिलेल्या माहितीनुसार वाईट बोलणं जवळपास एक तृतीयांश कमी झालं, चॅटचा वापर मात्र साधारण तेवढाच राहिला. माणसं तीच, मांडणी बदलली. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ग्राहक, कामगार आणि कुरिअरवाला एकत्र असतील तर आजच वेगळे करा.

तुम्ही म्हणाल, सर, किती ऐकून घ्यायचं? गेममध्ये म्यूटचं बटण असतं. चांगला खेळाडू म्यूट करतो आणि खेळत राहतो, भांडायला थांबत नाही. सप्लायरने तिसऱ्यांदा तारीख चुकवली तर आवाज चढवू नका. "मंगळवारी संध्याकाळपर्यंत माल आला नाही तर ऑर्डर रद्द समजा" एवढा एकच मेसेज टाका, आणि त्याच दिवशी दुसऱ्या सप्लायरकडून रेट मागवून ठेवा.