क्राउन मोल्डिंग : कोपऱ्यांचे गणित

भिंत आणि छत यांचा सांधा झाकणारी नक्षीदार पट्टी म्हणजे क्राउन मोल्डिंग. अमेरिकी घरांत ती भिंतीशी बहुधा 38 किंवा 45 अंशांत तिरकी बसते.

● रुंदी : छत जितके उंच, तितकी पट्टी रुंद शोभते.

● आतला कोपरा : एक पट्टी सरळ कापून भिंतीला भिडवतात, दुसरीचे टोक पहिलीच्या नक्षीबरहुकूम कोरून तिच्यावर बसवतात. कोपरा नेमका काटकोनी नसला तरी फट दिसत नाही.

● बाहेरचा कोपरा : दोन्ही टोके तिरपी कापून गोंदाने जोडतात. 38 अंशांची पट्टी करवतयंत्रावर आडवी ठेवल्यास काटकोनी कोपऱ्यासाठी यंत्र 31.6 अंश वळवून पाते 33.9 अंश कलवतात.

● ठोकणी : खिळे प्लास्टरबोर्डात नव्हे, त्यामागच्या लाकडी चौकटीत जातात.