एक किलो तूरडाळ आणि किती तासांचे श्रम?

पूर्वीच्या गावगाड्यात सुताराला आणि लोहाराला खळ्यावर बलुते मिळत असे. सालगड्याच्या बोलीतही रोख रकमेच्या जोडीने ज्वारीची पोती ठरत. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता. परंतु मोबदल्याचा काही भाग धान्यात असल्यामुळे बाजारभाव चढला तरी घरात येणारी ज्वारी तेवढीच राहत असे. पुढे मोबदला संपूर्णपणे रोख झाला. कष्टकऱ्याला आपला पैसा आपल्या इच्छेने खर्च करण्याचे स्वातंत्र्य मिळाले, पण भाववाढीची जोखीमही त्याच्याच शिरावर आली. हाती येणारे रुपये तेच आणि त्यांत मिळणारे अन्न मात्र कमी, असे आता घडू शकते. म्हणून वेतनाचा आकडा कितीही मोठा दिसला तरी त्यात किती डाळ, किती तेल आणि किती दूध येते, हे पाहिल्यावाचून त्याचे खरे मोल कळत नाही.

वेतनामागचा स्वयंपाकघराचा हिशेब

किमान वेतनाचा कायदा आपल्या देशात १९४८ साली झाला. मात्र हे वेतन कशाच्या आधारे ठरवावे, याचे सविस्तर निकष १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने मांडले. ते निकष म्हणजे एका कुटुंबाच्या खर्चाची यादीच होती. पती, पत्नी व दोन मुले यांचा आहार मिळून तीन प्रौढ व्यक्तींइतका धरावा. प्रत्येक प्रौढामागे प्रतिदिनी २,७०० कॅलरींचे अन्न मोजावे. कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड लागते असे समजावे. घरभाडे त्यात मिळवावे आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा २० टक्के भाग राखावा, असे त्यांचे स्वरूप होते. आहाराचे प्रमाण कुन्नूर येथील पोषण प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांच्या शिफारशींवरून घेतले होते. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या यादीत मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, वार्धक्याची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली.

याचा अर्थ असा की, किमान वेतनाची कल्पनाच मुळात अन्नावर उभी आहे. कुटुंबाचे पोट भरून थोडे शिल्लक राहील, ही त्यामागची किमान अपेक्षा आहे. ती पूर्ण होते का, हे तपासण्यासाठी मोठ्या गणिताची गरज नाही. दिवसाच्या वेतनाला ८ ने भागावे, म्हणजे एका तासाचे वेतन मिळते. वस्तूच्या भावाला त्या आकड्याने भागले की, ती वस्तू घेण्यासाठी किती तास राबावे लागते ते समजते.

डाळीचा भाव, श्रमाचे तास

किमान वेतनाचे दर व्यवसायानुसार आणि परिमंडळानुसार निरनिराळे असतात. म्हणून उदाहरणादाखल राज्यभर एकच असलेला रोजगार हमीच्या मजुरीचा दर घेऊ. महाराष्ट्रात तो २०२४-२५ मध्ये प्रतिदिनी २९७ रुपये होता, तर २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये झाला. तासाचा हिशेब अनुक्रमे सुमारे ३७ आणि ३९ रुपये होतो. २०२४ च्या मध्यास तूरडाळीचा देशपातळीवरील सरासरी किरकोळ भाव किलोमागे सुमारे १६० रुपये होता. त्या वेळी एक किलो डाळीसाठी सव्वाचार तासांहून अधिक श्रम पडत. पुढील वर्षी पीक सुधारले, शुल्कमुक्त आयातही चालू राहिली आणि भाव सुमारे १२० रुपयांपर्यंत उतरला. तेव्हा तीच डाळ तीन तासांच्या कष्टांत मिळू लागली. मजुरी केवळ ५ टक्क्यांनी वाढली होती. खरा फरक डाळीच्या भावाने पडला.

चौघांच्या घरात रोज पाव किलो डाळ शिजते असे धरले, तर महिन्याला साडेसात किलो लागते. १६० रुपये भावाने तिची किंमत १,२०० रुपये, म्हणजे चार दिवसांची मजुरी होते. १२० रुपये भावाने तीन दिवसांची पुरते. हा एक दिवस श्रीमंताच्या खर्चात कोठेही दिसणार नाही. गरिबाच्या घरी मात्र तो वरणाच्या पातेल्यात दिसतो. डाळ महागली की वरण पातळ होते आणि ताटातील प्रथिने घटतात.

एका जिन्नसावर विसंबू नये

याच काळात खाद्यतेलाची वाट उलट दिशेने गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील आयातशुल्काचा प्रभावी दर ५.५ वरून २७.५ टक्के झाला आणि तेल कडाडले. मे २०२५ च्या अखेरीस तो दर १६.५ टक्क्यांवर आणण्यात आला. डाळीत वाचलेले पैसे अनेक घरांत तेलात गेले. म्हणून हिशेब एका जिन्नसाचा न करता संपूर्ण ताटाचा करावा लागतो.

२०१९-२० च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने असाच ताटाचा हिशेब मांडला होता. पाच जणांच्या कुटुंबाला दिवसातून दोन शाकाहारी थाळ्या देण्यासाठी कामगाराच्या रोजच्या कमाईचा २००६-०७ मध्ये सुमारे ७० टक्के भाग लागत असे. २०१९-२० मध्ये तो सुमारे ५० टक्क्यांवर आला, असा तिचा निष्कर्ष होता. ही प्रगती स्वागतार्ह खरीच. परंतु तेथे गृहीत धरलेली कमाई संघटित कारखान्यांतील कामगाराची सरासरी कमाई होती. किमान वेतनावर राबणाऱ्याचे उत्पन्न त्याहून कमी असल्याने त्याच्या कमाईचा अधिक मोठा भाग ताटातच संपतो.

महागाईची भरपाई म्हणून राज्यात किमान वेतनाबरोबरचा विशेष भत्ता १ जानेवारी व १ जुलै रोजी सुधारला जातो. त्यातही दोन उणिवा राहतात. भाव आज चढतो, भत्ता काही महिन्यांनी येतो. मधल्या काळातील तूट कुटुंबच सोसते. शिवाय औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१६ आधारवर्षाच्या मालिकेत अन्न व पेयांचा भार सुमारे ३९ टक्के आहे. आधीच्या मालिकेत तो सुमारे ४६ टक्के होता. ज्याच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जातो, त्याची महागाई या सरासरीत पुरती उमटत नाही. शिधापत्रिकेवरील मोफत धान्याने पोळी-भाताचा भार हलका केला आहे. डाळ, तेल, दूध आणि भाजी यांचा भार मात्र कायम आहे.

व्यापारी कुटुंबांसाठी हा हिशेब दूरचा नाही. किराण्याचा भाव आणि नोकराचा पगार हे दोन्ही आकडे त्यांच्या एकाच पेढीवर असतात. दुकानात दिवसभर डाळ तोलणारा गडी, पोती उतरवणारा हमाल, वखारीतील दिवाणजी यांच्या पगारात त्याच दुकानातील किती जिन्नस येतात, हे मालकाइतके अचूक दुसरे कोण सांगू शकेल? पगारवाढीचा विचार दिवाळी-पाडव्याला होतो. त्या दिवशी वहीच्या एका पानावर गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, दूध आणि कांदा-बटाट्याऐवजी हवी ती भाजी असे सात जिन्नस लिहावेत आणि प्रत्येकासमोर नोकराच्या श्रमाचे तास मांडावेत. पुढील वर्षी तेच पान पुन्हा उघडावे. तास वाढले असतील, तर वर्षभरात पगाराचा आकडा वाढूनही नोकराचा पगार प्रत्यक्षात कमी झाला आहे, आणि नव्या वर्षाची वाढ ठरवताना ती तूट आधी भरून काढावी लागेल.