राहिलेली यादी आणि गोवा एक्सप्रेस

सेमिस्टर संपत आलं की आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक यादी तयार होते. सरांनी वर्गात नाव घेतलेली कादंबरी, मैत्रिणीने तीनदा सांगितलेला सिनेमा, अर्धवट सोडलेली मालिका. 'सुट्टी लागली की बघते' म्हणून आपण ती बाजूला ठेवतो. मग सुट्टी लागते, घरी पाहुणे येतात, कुणाचं तरी लग्न निघतं, आणि यादी जशीच्या तशी पुढच्या सेमिस्टरला आपल्यासोबत कॉलेजात परत येते.

माझं म्हणणं साधं आहे. ही यादी घरी संपत नाही, वाटेत संपते. फक्त त्यासाठी निघण्याआधी अर्धा तास द्यावा लागतो, आणि काय घ्यायचं ते वाहन बघून ठरवावं लागतं.

वाट तर आपल्या लोकांना भरपूर मिळते. वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेसच घ्या. ती मडगाव, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर करत दिल्लीला निजामुद्दीनला पोचते. म्हणजे गोव्यातले मराठी वाचक, सीमाभागातले आपण आणि ग्वाल्हेरची जुनी मराठी घरं एकाच गाडीवर आहेत! बेळगावहून ग्वाल्हेरला जायचं तर एक रात्र, एक अख्खा दिवस आणि पुढची बरीचशी रात्र गाडीत जाते. एवढा सलग मोकळा वेळ आपल्याला वर्षात दुसरीकडे कुठे मिळतो, सांगा बघू.

रेल्वे आणि पुस्तक: जुनी सोयरीक

आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आतच, १८७७ साली, अलाहाबादला ए. एच. व्हीलर ही कंपनी सुरू झाली. स्टेशनावरचे पुस्तकांचे स्टॉल म्हणजे व्हीलर, हे समीकरण आपल्या आईबाबांच्या पिढीला चांगलं आठवत असेल. याच व्हीलरने १८८८ मध्ये 'इंडियन रेल्वे लायब्ररी' नावाची मालिका काढली. एका पुस्तकाची किंमत एक रुपया. रुडयार्ड किपलिंगच्या सुरुवातीच्या कथा याच मालिकेतून लोकांच्या हातात गेल्या.

इंग्लंडमध्ये १९३५ साली पेंग्विनची सहा पेन्सची पुस्तकं आली, त्यांच्यामागेही प्रवासी वाचक होता. पातळ कव्हर, हलकं वजन, खिशात मावेल असा आकार आणि हरवलं तरी जीव जळू नये अशी किंमत. आज आपण 'पेपरबॅक' म्हणून जे सहज हातात घेतो त्याच्या घडणीत स्टेशनाचा वाटा मोठा आहे. प्रवासात वाचणं म्हणजे वेळ मारून नेणं, असं कुणी म्हणालं तर त्याला हा इतिहास सांगावा.

घाटात डोळे नकोत, कान चालतील

आता कामाचं बोलू. बेळगावहून पणजीला चोर्ला घाटाने जा, नाहीतर आंबोलीने सावंतवाडीला उतरा. बसमध्ये पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत पोटात ढवळायला लागतं. आजी म्हणते, 'पित्त झालं.' पण खरी गंमत कानात असते.

आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या असतात. शरीर वळलं, हललं, थांबलं की तो द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते. घाटात कान सांगत असतो की आपण गरागरा वळतोय. डोळे मात्र पुस्तकावर असतात आणि पान तर स्थिर दिसतं. दोन साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि मेंदू गोंधळतो. त्यातून मळमळ, घाम, डोकेदुखी. म्हणूनच गाडी चालवणाऱ्याला सहसा त्रास होत नाही, कारण त्याचे डोळे रस्त्यावर असतात आणि वळण त्याला आधीच कळलेलं असतं.

यातून नियम सरळ निघतो. घाटाच्या बसमध्ये वाचायचं नाही, बघायचं नाही, ऐकायचं. पुढची सीट घ्या, नजर लांब रस्त्यावर ठेवा आणि कानात कथा लावा. पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' तर खास एसटीतच ऐकावी. बस वाटेत अडकून पडते आणि सगळी प्रवासी मंडळी कशी बोलायला लागतात, हे आपल्या शेजारच्या सीटवर बघत बघत ऐकता येतं.

रेल्वेत वळणं मोठी असतात, धक्के कमी असतात, त्यामुळे बहुतेकांना वाचता येतं. म्हणून जाड पुस्तक रेल्वेला ठेवायचं आणि लहान कथा, कविता, अर्ध्या तासाचा एखादा भाग स्टँडवर गाडीची वाट बघताना उरकायचा.

डाउनलोड म्हणजे नक्की काय होतं

बरेच जण म्हणतात, 'नेट आहे की, गाडीतच बघू.' कॅसलरॉक ते कुळे हा घाटाचा टप्पा आठवा. दूधसागर दिसतो, रेंज दिसत नाही. कोकण रेल्वेने गेलात तर बोगदेच बोगदे, आणि रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. सिनेमात ऐन क्षणी चक्र फिरायला लागतं.

म्हणून आधी डाउनलोड करायचं. पण हे डाउनलोड म्हणजे दुकानातून वस्तू विकत आणणं नव्हे. वाचनालयातून पुस्तक आणण्यासारखं आहे. फाईल आपल्या फोनमध्ये येते, पण ती कुलूपबंद असते, आणि कुलपाची किल्ली काही मुदतीचीच असते. मुदत संपली की ॲपला पुन्हा कंपनीच्या सर्व्हरला विचारावं लागतं. नेटफ्लिक्सवर तर काही गोष्टी एकदा 'प्ले' दाबल्यावर दोन दिवसांतच संपतात. महिन्याभरापूर्वी उतरवलेला सिनेमा ऐन गाडीत उघडला नाही, तर त्याचं कारण बहुधा हेच असतं.

उपाय सोपा आहे. निघायच्या आदल्या रात्री फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि प्रत्येक गोष्ट एक मिनिट चालवून बघा. मुदतीची सूचना दिसत असेल तर मात्र ती न उघडता आधी नेट लावून मुदत वाढवून घ्या.

जागेचं गणितही करून ठेवा. सिनेमाला मध्यम दर्जात ताशी साधारण पाऊण जीबी धरा, म्हणजे दोन तासांचा सिनेमा दीड जीबी. ६४ केबीपीएसचं बोलतं पुस्तक तासाला २९ एमबी घेतं, म्हणजे दहा तासांची कादंबरी तीनशे एमबीच्या आत बसते. आणि नुसता मजकूर? देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. साठ हजार शब्दांची कादंबरी घेतली तरी ती एक-दीड एमबीत मावते. एका सिनेमाच्या जागेत हजारभर कादंबऱ्या! फोन भरलाय ही सबब सिनेमाला चालेल, पुस्तकाला नाही.

चार्जिंगचंही तसंच. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायची पद्धत रेल्वेने बऱ्याच गाड्यांत आणली आहे. तेव्हा बघायचं ते दिवसा, आणि रात्री कागदाचं पुस्तक किंवा झोप.

लहान पडद्यावर काय टिकतं

प्रत्येक सिनेमा फोनवर सारखा बसत नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. त्यात कॅमेरा लांब उभा राहतो आणि बराच वेळ हलत नाही. फ्रेमच्या कोपऱ्यात बसलेला माणूस काय करतोय, यातच अर्धा सिनेमा असतो. सहा इंची पडद्यावर तो कोपरा दिसतच नाही. असा सिनेमा आपल्या कॉलेजच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून बघावा. उलट संदीप सावंत यांचा 'श्वास' आजोबा आणि नातवाच्या नात्यावर चालतो, त्यामुळे तो हातातल्या पडद्यावरही पोचतो. मात्र डब्यात रडू आलं तर वरचा बर्थ बरा.

मालिकांचं सोपं आहे. लहान भाग असले की दोन स्टेशनांमध्ये एक भाग बसतो. सबटायटल असतील तर चालू ठेवा, गाडीच्या आवाजात संवाद बुडतात. आणि इअरफोन विसरू नका. रात्री दहानंतर मोठ्याने आवाज लावायला रेल्वेत बंदीच आहे. दिवसा बंदी नसली तरी समोरच्या काकूंना आपली मालिका ऐकायची नसते.

मराठी कुठून आणायचं

'मराठी पुस्तकं इथे मिळतात कुठे?' हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी विचारला असेल. पुण्याबाहेर पाऊल टाकलं की मराठीचं दुकान शोधावं लागतं. पण फोनवर परिस्थिती बरी आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचं साहित्य सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं २०११ पासून खुली आहेत. हरि नारायण आपटे तर त्याच्याही आधी. असं बरंच जुनं साहित्य मराठी विकिस्रोतावर आहे. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तकं त्यांच्या परवानगीने फुकट देतं. किंडलवर मराठी विभाग आहे आणि स्टोरीटेलवर मराठी बोलती पुस्तकं.

एक बारीकशी सूचना. मिळालं तर पीडीएफपेक्षा ईपब घ्या. पीडीएफमध्ये पान छापल्यासारखं पक्कं असतं, त्यामुळे अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि पान सारखं डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. ईपबमध्ये मजकूर पाण्यासारखा असतो, भांडं लहान असलं तर त्यात बसतो.

तिसाव्या पानाची गोष्ट

आता मला मुळात जे सांगायचं आहे ते.

आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त जणांचं मराठी फक्त घरात बोलण्यापुरतं उरलंय. शाळा इंग्रजी माध्यमाची, बाजारात कन्नड, चर्चमधल्या गप्पांत कोंकणी, फोनवर इंग्रजी. मराठी आम्हाला येतं, पण वाचायचा वेग गेलाय. इंग्रजी पान डोळा सरसर खाली नेतो, मराठी पानावर तो जोडाक्षराला अडखळतो. म्हणून पहिली वीस-तीस पानं जड जातात. घरी नेमकं तेव्हाच कुणीतरी हाक मारतं किंवा फोन वाजतो. पुस्तक मिटलं जातं आणि आपण स्वतःला सांगतो, 'माझं मराठी कच्चं आहे.'

मराठी कच्चं नसतं, तीस पानं पार झालेली नसतात. गाडीत ती पार होतात, कारण उठून जायला जागाच नसते. लोंढ्याला अडखळणारा डोळा मिरजेपर्यंत सरावतो. मग आपण शब्द वाचत नाही, गोष्ट वाचतो. हा सराव परत आला की तो उतरल्यावरही बराच काळ टिकतो.

कागदाच्या पुस्तकाचा आणखी एक फायदा मी मागच्या मे महिन्यात मडगावला जाताना बघितला. मी विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' वाचत होते. वरसईचे हे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. ग्वाल्हेर, झाशी त्यांनी तेव्हा डोळ्यांनी बघितली, आणि ते पुस्तक १९०७ मध्ये छापून आलं. समोर बसलेल्या आजोबांनी कव्हर बघून विचारलं, "काय गं बाळ, गोडसे भटजी वाचतेस? बघू जरा." मी पुस्तक दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि दोन पानं चक्क मोठ्याने वाचली. बाजूच्या बाई म्हणाल्या, "पुढे वाचा की हो, थांबलात का?" कॅसलरॉक येईपर्यंत आमच्या खणात मराठी वाचन चालू होतं. माझ्या हातात फोन असता तर मी काय वाचतेय हे कुणाला कळलंही नसतं.

म्हणून फोन भरून घ्याच, पण बॅगेत एक कागदाचं पुस्तकही असू द्या, कव्हर बाहेर दिसेल असं. आपल्या मंडळाच्या कपाटात पुस्तकं पडून आहेत. सुट्टीला निघण्याआधी एक न्या, नाव वहीत लिहा आणि परत येताना ते पुस्तक कुठल्या स्टेशनापर्यंत पुरलं, तेही त्याच ओळीत लिहा. पुढच्याला तिकीट काढताना कामाला येईल.