तिकडे किती वाजले?

आपलं माणूस ऑनसाइट गेलं, की रोजचा फोन याच प्रश्नाने सुरू होतो. उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेनऊ, तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ. एकाला झोप अनावर, दुसऱ्याला ऑफिसची घाई. मग 'जेवलीस का?', 'मिस यू', 'चल, उद्या बोलू'. बस्स! तुमचंही असंच चालू असेल, तर एक कोरियन सिनेमा बघाच. नाव आहे 'नाइट अँड डे'.

कोरियन म्हटल्यावर सूड, मारामारी नाहीतर टीव्हीवरच्या गुलाबी मालिका डोळ्यांसमोर आल्या असतील, तर थांबा. इथे यातलं काहीच नाही. दिग्दर्शक हाँग सांग-सू. 2008 च्या बर्लिन महोत्सवात हा सिनेमा स्पर्धेत होता. हाँग स्वतः अमेरिकेत शिकलेला, त्यामुळे परदेशातलं एकटेपण त्याला चांगलंच ठाऊक असणार.

सिनेमाचा हीरो सुंग-नाम, चाळिशीतला चित्रकार. सोलमध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांबरोबर गांजा ओढतो, मित्र पकडला जातो आणि हा घाबरून थेट पॅरिस गाठतो. बायको सोलमध्येच. सन 2007, उन्हाळ्याचे दिवस. कोरियन गेस्टहाउसमधली एक खाट, हातात काम नाही, घरी कधी परतणार माहीत नाही. आयफेल टॉवरखालचा रोमान्स विसरा! हा आपला गल्ल्यांमधून भटकतो, बाकावर बसतो.

रात्री नऊलाही उजेड असतो. सोल सात तास पुढे. याची रात्र सुरू होते, तेव्हा तिची पहाट उजाडत असते. फोनवर दोघं हळवी होतात, रडतात. तिची आठवण अगदी खरी आहे, यात शंकाच नाही. पण फोन ठेवला, की याचा दिवस सुरू. रस्त्यात एक बाई भेटते. ती याची जुनी प्रेयसी, आणि पठ्ठ्या आधी तिला ओळखतच नाही! मग तिथे चित्रकला शिकणारी यू-जाँग भेटते आणि स्वारी तिच्यामागे लागते.

राग येतो ना? मलाही आला. पण हाँग त्याला व्हिलन करत नाही. एका पार्टीत उत्तर कोरियाच्या विद्यार्थ्याशी पंजा लढवणारा हा दांडगा गडी आतून पोरकट आहे. त्याला हसता हसता आपलंच काहीतरी आठवतं आणि हसू थोडं आखडतं. मागे बीथोव्हेनच्या सातव्या सिंफनीतला संथ भाग वाजत राहतो.

खोटं फक्त तोच बोलतो असंही नाही. सोलहून बायकोही एक मोठी थाप मारते. कुठली, ते पडद्यावरच बघा. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की फोनवर फक्त विरह पोचतो. दिवस कसा गेला, कोण भेटलं, कोणाबरोबर हसलो, ते पोचतच नाही. तेवढं आपण गाळतो. कधी भांडण नको म्हणून, कधी वेळ नाही म्हणून. आता व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, पण गाळलेलं गाळलेलंच राहतं. आणि असा गाळलेला महिना साठला, की समोरचा माणूस हळूहळू अनोळखी व्हायला लागतो.

सिनेमा जवळजवळ अडीच तासांचा आहे आणि संथ आहे. शुक्रवारी थकून आल्यावर लावलात तर झोप लागेल. रविवारी बघा, सबटायटल्स लावून. आणि तुमचं माणूस तिकडे असेल, तर दोघांनी एकदमच प्ले दाबा. तुमच्याकडे रात्र, तिकडे सकाळ. संपल्यावर लगेच फोन ठेवू नका. त्या दिवशी 'मिस यू'च्या आधी दुसरंही काही बोलायला सुचेल.

सुरुवात कोणी करायची, ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा!