माइक ट्राउट: पंचविसाव्या निवडीचा पोरगा

बेसबॉल आवडत असेल तर माइक ट्राउटची सुरुवात माहीत हवीच. न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा हा पोरगा. तिकडे थंडीमुळे शाळांचा बेसबॉल हंगाम उशिरा सुरू होतो, म्हणून संघांना तिथले खेळाडू कमी पाहायला मिळतात.

२००९ च्या ड्राफ्टला, म्हणजे मेजर लीग संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, टीव्ही स्टुडिओत हजर असलेला तो एकमेव खेळाडू, आणि बसला ताटकळत! एंजल्स संघाकडे २४ वी आणि २५ वी अशा लागोपाठ दोन निवडी होत्या. त्यांनी आधी रँडल ग्रिचकला घेतलं, मग ट्राउटला. गंमत म्हणजे ही २५ वी निवड मुळात यांकीज संघाची. त्यांनी एंजल्सचा मार्क टेशेरा पळवला, त्याची ही भरपाई. किती महागात पडलं बघा!

मायनर लीग त्याने झपाट्यात पार केली. ८ जुलै २०११ ला, १९ व्या वर्षी, मेजर लीगमध्ये पदार्पण. पण त्या मोसमात ४० सामन्यांत सरासरी फक्त .२२०, म्हणजे शंभर संधींमध्ये बावीसच हिट.

२०१२ ची सुरुवातही मायनरमध्येच झाली. एप्रिलअखेर बोलावणं आलं आणि मग सुटलाच: .३२६ सरासरी, ३० होम रन, ४९ बेस चोरले, एकमताने रूकी ऑफ द इयर. सर्वात मोलाच्या खेळाडूचा एमव्हीपी पुरस्कार मात्र ट्रिपल क्राउनवाल्या (सरासरी, होम रन आणि आरबीआय तिन्हींत अव्वल) मिगेल कब्रेराला. धावणं आणि क्षेत्ररक्षण धरलं तर माझं मत ट्राउटलाच.